पलंगाखालचं गाठोडं

कतारहून आले म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बायकांनी पहिला प्रश्न विचारला तो सोन्याचा. "बांगड्या केल्यास का गं? तिकडे घडणावळ कमी पडते म्हणे. दाखव की!" मी त्यांना एक लोकरीचा कोट दाखवला, एक न चालणारा मिक्सर दाखवला आणि पाच बशा, सहा कपांचा एक चहाचा सेट दाखवला. त्यावर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हातारीला ऊन लागलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. म्हणून म्हटलं, आता सगळं नीट सांगूनच टाकावं.

मी कराडला तीस वर्षं ब्लाऊज शिवते. माझी लेक मंजिरी आणि जावई अनिल दोह्याला असतात. दोन वर्षांपूर्वी मंजिरीला पाचव्या महिन्यात दगा झाला होता. तेव्हा मी जवळ नव्हते, ते मला फार लागलं होतं. म्हणून या खेपेला नववा लागायच्या आधीच मी जाऊन बसले.

माझ्या बॅगेत मेतकूट, अळीव, डिंक आणि एक गाठोडं होतं. सासूबाईंच्या जांभळ्या काठाच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पाच झबली, दोन टोपडी आणि काही दुपटी. मंजिरी, तिचा भाऊ आणि माझ्या नणंदेची दोघं अशी चार लेकरं या कपड्यांत वाढली, आणि चारही ठणठणीत. आपल्याकडे बाळाला पहिल्यांदा नवा कपडा घालत नाहीत, जुना घालतात, आणि तोही दुसऱ्याकडून मागून आणलेला. नणंदेनं गाठोडं हातात देताना दहादा बजावलं होतं, "वैनी, हे हरवू नकोस हं. माझ्या नातवंडांना लागणार आहे."

मंजिरीनं ते उघडून बघितलं आणि नाक मुरडलं. "आई, या रॅग्ज आहेत. हॉस्पिटलमध्ये मी हे नेणार नाही हं, आत्ताच सांगते." मी गाठोडं परत बांधून माझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. पहिल्या दिवशी लेकीशी भांडायचं नाही असं विमानातच ठरवलं होतं.

अल मुंतझा

त्यांचं घर अल मुंतझामध्ये, दुसऱ्या मजल्यावर. खाली मल्याळी वाण्याचं दुकान, शेजारी न्हावी, पलीकडे चहाची टपरी. तिथल्या चहाला 'करक' म्हणतात. आपलाच कडक चहा, पण त्यात डब्यातलं दूध आणि वेलची. गाडीतून न उतरता लोक हॉर्न वाजवतात आणि पोऱ्या धावत चहा आणून देतो. आमच्याकडे असा हॉर्न वाजवला तर चहावाला आधी शिव्या घालील.

फेब्रुवारीतली हवा मात्र झकास. संध्याकाळी अनिलराव आम्हाला समुद्रावर न्यायचे. लाकडी गलबतं डुलत असायची. मंजिरी हळूहळू चालायची आणि मी तिच्या मागून तिच्या चालीकडे बघत राहायची.

दिवसभर मात्र कंटाळा. दोघं ऑफिसला गेली की मी आणि चार भिंती. तशात समोरच्या दारातून जुबेदा आली. रत्नागिरीजवळची, माझ्याच वयाची, नवरा कुठल्याशा कंपनीत कारकून. मुलगा आणि सून शबाना तिच्याबरोबर राहायचे. शबानाच्या लग्नाला सहा वर्षं झालेली, घरात पाळणा नाही, पण जुबेदानं त्याबद्दल कधी सुनेला शब्द लावलेला मी ऐकला नाही. पहिल्याच दिवशी ती सांदणं घेऊन आली, वर नारळाचं दूध. दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ दिलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ताई, घरात बसून काय करतंस? चल, तुला एक गंमत दाखवतंय."

दुकान

अल नस्रच्या एका आतल्या गल्लीत जुना बंगला होता. लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू तिथे विकायला मांडलेल्या असत आणि आलेला पैसा गरजूंना जायचा. आठवड्यातून दोनच सकाळी उघडं. दोह्यातली माणसं सारखी येणारी-जाणारी. कुणाची नोकरी संपते, कुणाची बदली होते, सगळा संसार विमानात मावत नाही, मग तो इथे येतो. पडदे, पुस्तकं, इस्त्र्या, सुटातले कोट, लग्नातले झगे, काय नाही ते!

आणि कपडा! अगं बाई, तो कपडा! मी एकेक झगा उलटा करून आतली शिवण बघत बसले. काय ती काजं, हातानं केलेली, एक टाका पुढे नाही की मागे नाही. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना 'आतून कोण बघतंय' म्हणत आले. इथे कुणीतरी आतूनही तितकंच जीव लावून शिवलं होतं. मला खरंच लाज वाटली.

एक लोकरीचा कोट माझ्या मनात भरला. चिठ्ठीवरची किंमत बघितली आणि सवयीनं निम्मी बोलून गेले. "आधे में दो, आखरी बोलो!" कराडात बोहारणीशी मी तीन साड्या आणि एका पँटवर पातेलं मिळवायला दोन तास बसते. तिथली बोहारीण ओरडते, उठून जाते, परत येते. इथे गल्ल्यावरच्या डोरीन बाई, श्रीलंकेच्या, साठीच्या, चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला. त्या ओरडल्या नाहीत. शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ये पैसा गरीब को जाता."

मागे वळून बघते तर जुबेदा पडद्यांच्या रांगेत लपलेली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अगो ताई, हितं भाव करायचा नाय! शरम गेली माझी." मी कोट पूर्ण किमतीला घेतला. तो होताच मुळी कवडीमोल.

त्यानंतर मला नादच लागला. मंगळवार उजाडला की मी पदर खोचून तयार. मिक्सर घेतला. घरी येऊन लावला तर एकदाच घुर्र झालं आणि काळा धूर. तो म्हणे अमेरिकेतला, तिकडची वीजच वेगळी. चहाचा सेट घेतला, घरी येऊन बशा मोजल्या तर पाच. स्वस्तात मिळताहेत म्हणून बर्फात घालायचे बूटसुद्धा घेतले. कराडात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे असतो, हे मला घरी आल्यावर आठवलं.

एकदा तिथे लहान बाळाची झबली दिसली. मऊ, धुवून धुवून पातळ झालेली. मी दोन उचलली. म्हटलं, मंजिरी आपल्या चिंध्या नेणार नसेल तर ही तरी परदेशी आहेत. जुबेदा म्हणाली, "आमच्यातपण मागून आणतात. पण ताई, विकत घेतलंस ते मागितलेलं कसं झालं?" म्हणणं तिचंच खरं होतं. झबली परत ठेवली.

शुक्रवार

तीन आठवड्यांत माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. जावई सज्जन माणूस. घसा खाकरून एकदा म्हणाले, "आई, पाळणा कुठे ठेवायचा ते तेवढं बघायला हवं." मी समजले. शुक्रवारी सुट्टी होती. मी तोऱ्यात म्हटलं, "अनिलराव, त्या पलंगाखालचं सगळं काढा आणि त्या दुकानाच्या पेटीत टाकून या. कोट, मिक्सर आणि सेट तेवढा राहू दे." दुकान बंद असलं तरी फाटकात दानाची मोठी पेटी होती. त्यांनी चार पिशव्या भरल्या. मी जुबेदाकडे मासे साफ करायला गेले होते. आपण दान केलं म्हणून मला भलतंच पुण्यवान वाटत होतं. बोहारीण निदान गाळणं तरी देते, इथे तेही नाही, असंसुद्धा मी जुबेदाला ऐकवलं.

बुधवारी सकाळी मंजिरीची हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली. मंजिरी पलंगावर पाय लांब करून बसली होती, पाय सुजलेले. ती खाली बघत म्हणाली, "आई, ते गाठोडंपण टाक."

"चिंध्या ना त्या?" मी चेष्टेनं म्हटलं.

"टाक म्हणते ना." तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली. "मागच्या वेळी मी सगळं नवं घेऊन ठेवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं. पाचवा लागायच्या आधीच. अजून आहे ते कपाटात, लेबलासकट."

मी भिंतीवरच्या फळीकडे हात नेला. मी ठेवलेलं गाठोडं तिथे नव्हतं.

"अगं, मी हलवलं ते," मंजिरी म्हणाली. "ऑफिसच्या मैत्रिणी आल्या होत्या ना, त्या दिवशी. त्यांना तुझी खोली दाखवायची होती, म्हणून पलंगाखाली सरकवलं."

पलंगाखाली!

मी वाकून बघितलं, तर खाली नुसती फरशी. मंजिरीच्या लक्षात आलं तेव्हा ती रडायलाच लागली. "जाऊ दे आई, नवीन घेऊ," असं म्हणत होती आणि रडत होती. चूक कुणाची म्हणावी? तिनं हलवलं, जावयांनी उचललं, पण 'सगळं काढा' हे माझंच बोलणं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यातून सगळी नसती उठाठेव माझी. ना मी ती भंगार खरेदी करते, ना हे होतं.

मंजिरीजवळ शबानाला बसवलं. जुबेदा आणि मी नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीत बसलो. दुकानाचा दिवस नव्हता, पण डोरीन बाई सामान निवडायला आलेल्या होत्या. जुबेदानं हिंदीत सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कपाळाला हात लावला. "ओल्ड बंडल? पर्पल बॉर्डर? मॅडम, वो तो रॅग में डाला मैंने."

झालं होतं असं. विकण्याजोगे कपडे त्या ठेवत आणि अगदी फाटकं-विरकं एका गोणीत भरत. ती गोणी दर आठवड्याला सनैयातल्या एका गॅरेजवाल्याला जायची. सनैया म्हणजे दोह्याबाहेरची कारखान्यांची वस्ती. तिथे त्या कपड्यांची फडकी करून गाड्यांचं ऑईल पुसतात. माझ्या लेकीनं, माझ्या लेकानं घातलेली झबली ऑईल पुसायला! गोणी कालच गेली होती.

"ड्रायव्हर है महादेव," डोरीन बाई म्हणाल्या, "आपके बॉम्बे साइड का." माझ्यासारखी साडीतली बाई दिसली की त्यांच्या लेखी ती मुंबईचीच. त्यांनी गॅरेजचा रस्ता क्रमांक एका कागदावर लिहून दिला. माझा चेहरा बघून त्यांनी माझा हातही धरला. मी ज्या बाईशी निम्म्या किमतीवरून हुज्जत घातली, तीच बाई फाटकापर्यंत सोडायला आली.

सनैया

फोन केला तसे अनिलराव ऑफिसातून थेट दुकानापाशी गाडी घेऊन आले. त्यांनाही अपराधी वाटत असावं, कारण दर सिग्नलला ते तो कागद काढून रस्ता क्रमांक बघत होते. वाऱ्यानं धूळ उठली होती. सूर्य पिवळ्या पडद्यामागच्या दिव्यासारखा दिसत होता. दोन्ही बाजूंनी ट्रक, वेल्डिंगच्या ठिणग्या, दोऱ्यांवर वाळत घातलेल्या लुंग्या, आणि एकसुद्धा बाई नाही. जुबेदा पुटपुटत दुवा मागत होती. मी आमच्या कुलदैवताला नारळ बोलले. आता कोण आधी ऐकतंय ते बघू, असं आमचं दोघींचं चाललं होतं.

गॅरेज सापडलं. दारातच एक दाढीवाला पठाण मेकॅनिक एका इंजिनावर वाकून काहीतरी पुसत होता. मी त्याच्या हाताकडे बघितलं. काळ्या ऑईलमध्ये माखलेल्या फडक्याला जांभळा काठ होता. सासूबाईंच्या इरकलीचा काठ.

"अरे देवा," एवढंच माझ्या तोंडून निघालं. जुबेदानं मला धरलं. तो पठाण बिचारा घाबरून उभाच राहिला, फडकं धरून. आपण काय गुन्हा केला हे त्याला कळेना.

तेवढ्यात आतून एक पस्तिशीचा माणूस आला. खांद्यावर पंचा, कपाळाला बुक्क्याचा ठिपका. मला बघून थबकला. मग म्हणाला, "मावशी, तुमी झबल्यांसाठी आलाय का?"

मला रडूच फुटलं. तोच महादेव. बार्शीच्या बाजूचा.

"रडू नगा, रडू नगा. हाईत," तो म्हणाला. "हितल्या पोरांनी गाठ सुटंना म्हून चाकूनं वरचं कापड कापलं. आतनं झबली पडली. म्या बगितलं तर टोपड्याला काजळाचा डाग. म्हनलं, आरं थांबा, ह्यो फाटका कपडा न्हवं. कुनाच्या तरी घरातलं ठेवनीतलं हाय. हात लावू नगा कुनी."

तो आपल्या खोलीत गेला. पत्र्याची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाच झबली, दोन टोपडी, सगळी दुपटी. त्यानं ती धुतली होती, दोरीवर वाळवली होती आणि घड्या घातल्या होत्या. साबणाचा वास येत होता. "शुक्रवारी दुकानाच्या पेटीपाशी चिठ्ठी लावनार हुतो," तो म्हणाला. "मराठीत लिवली तर ज्याचं हाय त्याला बरोबर कळंल म्हनलं."

बोलता बोलता कळलं की त्याची मुलगी आठ महिन्यांची झाली आहे आणि त्यानं तिला अजून बघितलेलं नाही. तो इकडे आला तेव्हा ती पोटात होती. "माझ्या आईनं पाच घरं हिंडून झबली मागून आनली," तो म्हणाला. "फोनवर सांगत हुती, कुनाकुनाच्या घरची ती."

अनिलरावांनी पाकीट काढलं. महादेवनं दोन्ही हात मागे घेतले. "आवो साहेब, पैसं घेतलं तर त्याचा गुण ऱ्हातो का? ह्ये इकत न्यायचं नसतं." मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, "मावशी, तुमाला ठावं हाय की. मागा."

मला ठाऊक होतं. ही झबली आमच्या घरचीच, म्हणून मी कधी कुणाकडे मागितलीच नव्हती. नणंदेनं आणून दिली आणि मी बॅगेत टाकली. त्या गॅरेजमध्ये, चार परक्या पुरुषांसमोर, मी पदर पसरला. "दादा, माझ्या लेकीच्या बाळासाठी तुझ्या लेकराच्या वाट्याची झबली दे."

त्यानं एकेक करून माझ्या पदरात टाकली. तोवर त्या पठाणानं तो काठाचा तुकडा दोनदा पिळून, स्वतःच्या सदऱ्याला पुसून, वर ठेवला. माझा जीव भांड्यात पडला. अनिलराव पाठ फिरवून चष्मा पुसत होते. परत निघताना महादेवनं टपरीवरून चौघांसाठी करक मागवला, आणि खरं सांगते, तसा चहा मी उभ्या आयुष्यात प्यायले नाही.

बाळ

दुसऱ्याच दिवशी पहाटे मंजिरीला कळा सुरू झाल्या. गाडीत बसताना तिनं एकच विचारलं, "घेतलंस?" मी मांडीवरची पिशवी थोपटली. संध्याकाळी चहाच्या वेळेला नात झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा सांगितलं, कारण मी पहिल्यांदा ऐकून नुसती बघत राहिले होते. मल्याळी नर्सनं बाळाला आधी हॉस्पिटलचे कपडे घातले, मग मी झबलं पुढे केलं. ती हसली. "हमारे यहाँ भी पुराना पहनाते हैं, आंटी," म्हणाली, आणि तिनंच बंद बांधले. मंजिरी बाळाच्या छातीवरून, त्या झिरझिरीत कापडावरून बोट फिरवत राहिली. कपाटातले लेबलाचे कपडे तिनं स्वतःहून डोरीन बाईंकडे पाठवले, नवेच्या नवे. त्याचं ओझं उतरलं आणि तिच्या तोंडावर रंग आला.

मी दोन महिन्यांनी परत निघाले. तोवर नात अंगानं भरली होती, झबली तिला होईनाशी झाली होती. ती मी धुवून, त्या काळपट डागांच्या इरकली तुकड्यात जेमतेम बांधून, बॅगेत अगदी वर ठेवली. नणंदेच्या धाकानं. बॅगेला कुलूप लावते तोच दार वाजलं. जुबेदा होती, एकटीच. उंबऱ्यातच तिनं डोक्यावरची ओढणी खाली घेतली आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर पसरली.

"शबानाला तिसरा लागलाय, ताई," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं नाय अजून. मी मागायला आलंय."

मी कुलूप काढलं.

कराडला पोचल्यावर नणंदेनं बॅग उघडायच्या आधीच विचारलं, "गाठोडं कुठाय?" मी सगळं सांगितलं. सनैया, पठाण, महादेव, जुबेदा, सगळं. तिनं बॅग उघडून स्वतः एकदा खात्री केली. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. शेवटी ती म्हणाली, "माझ्या सुनेची वेळ आली की तुझ्या त्या जुबेदाकडे पत्र टाकू. मागून आणू."